सेमिनार (पदव्युत्तर अध्यापनपद्धती)

सेमिनार ही विद्यापीठीय शिक्षणातील एक अध्यापन व संशोधन पद्धती आहे. तीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा लहान गट अध्यापकाच्या उपस्थितीत ठरावीक दिवशी एकत्र येतो. गटातील एक विद्यार्थी स्वतःचा किंवा अन्य संशोधकाचा शोधनिबंध मांडतो आणि उरलेले विद्यार्थी त्यातील प्रतिपादन, पुरावा व निष्कर्ष यांची चिकित्सा करतात. व्याख्यानात ज्ञान सिद्ध स्वरूपात सांगितले जाते. सेमिनारमध्ये ते सिद्ध झाले आहे की नाही हे तपासले जाते. अठराव्या शतकात जर्मन विद्यापीठांत उदयास आलेली ही पद्धती एकोणिसाव्या शतकात अन्य युरोपीय देशांत व अमेरिकेत पसरली. आज ती मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, विज्ञाने व वैद्यक या सर्व शाखांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा भाग आहे.

संज्ञा

‘सेमिनार’ हा शब्द ‘सेमिनारियम’ या लॅटिन शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘रोपवाटिका’ असा आहे. ख्रिस्ती धर्मगुरूंना शिक्षण देणाऱ्या ‘सेमिनरी’ या संस्थेचे नावही त्याच शब्दापासून झाले. मराठीत ‘चर्चासत्र’ व ‘परिसंवाद’ हे प्रतिशब्द वापरले जातात. मात्र या दोन्ही शब्दांनी बहुधा निमंत्रित वक्त्यांचा एक-दोन दिवसांचा जाहीर कार्यक्रम सूचित होतो. वर्षभर नियमितपणे चालणाऱ्या वर्गांतर्गत उपक्रमासाठी म्हणूनच ‘सेमिनार’ हाच शब्द प्रचारात राहिला आहे. महाविद्यालयीन व्यवहारात ‘सेमिनार देणे’ असाही प्रयोग होतो. विद्यार्थ्याने वर्गापुढे एखादा विषय मांडणे, असा त्याचा अर्थ असतो. वैद्यकीय महाविद्यालयांत नियतकालिकांतील ताज्या शोधनिबंधांच्या चर्चेस ‘जर्नल क्लब’ म्हणतात.

इतिहास

जर्मन विद्यापीठे

गॉटिंगेन विद्यापीठात योहान मथियास गेस्नर यांनी १७३८ मध्ये अभिजात ग्रीक व लॅटिन भाषांच्या अध्ययनासाठी सेमिनार सुरू केला. शाळांसाठी चांगले शिक्षक घडवणे हा त्याचा मूळ हेतू होता. गेस्नर यांच्यानंतर ख्रिस्तियान गॉटलोब हाइने यांनी तो नावारूपास आणला. गॉटिंगेन येथेच शिकलेले फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फ यांनी १७८७ मध्ये हाले विद्यापीठात असाच सेमिनार स्थापन केला. या सेमिनारांमध्ये विद्यार्थ्याला एखाद्या प्राचीन ग्रंथातील उताऱ्याचा अर्थ लावावा लागे, हस्तलिखितांतील पाठभेदांबाबत आपला निर्णय मांडावा लागे आणि सहाध्यायांच्या आक्षेपांना उत्तरे द्यावी लागत.

इतिहासाच्या क्षेत्रात ही पद्धती रूढ करण्याचे श्रेय बर्लिन विद्यापीठातील लेओपोल्ड फोन रांके यांना दिले जाते. त्यांच्या अभ्यासवर्गात मध्ययुगीन साधने विद्यार्थ्यांपुढे ठेवली जात. साधन कोणी लिहिले, केव्हा लिहिले, लेखक घटनेचा साक्षीदार होता काय, त्याने कोणाचे लेखन उतरवून घेतले आहे काय, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी शोधावयाची असत. गेओर्ग वाइट्स, हाइनरिश फोन झिबेल इत्यादी नामवंत इतिहासकार याच वर्गातून पुढे आले. १८३४ मध्ये क्योनिग्सबेर्ग येथे फ्रान्त्स नॉयमान व कार्ल याकोबी यांनी गणित व भौतिकी यांचा सेमिनार सुरू केला आणि ही पद्धती विज्ञानशाखांतही रुजली.

अमेरिका व जर्नल क्लब

अमेरिकेत १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जर्मन नमुना स्वीकारून पदव्युत्तर संशोधनास प्राधान्य दिले. तेथील हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स यांच्या इतिहास सेमिनारमध्ये लांब मेजाभोवती बसून विद्यार्थी आपले निबंध वाचत. अमेरिकेचे पुढील काळातील राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन व इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी याच विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली.

वैद्यकातील परंपरा थोडी वेगळी आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील काही तरुण जवळच्या एका बेकरीच्या वरच्या खोलीत जमून नियतकालिके वाचत असत, असा उल्लेख शल्यविशारद जेम्स पॅजेट यांच्या आठवणींत आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर यांनी १८७५ मध्ये जर्नल क्लब सुरू केला. महागडी परदेशी नियतकालिके एकेकट्याला परवडत नसल्याने ती सामाईकपणे विकत घेऊन वाचणे, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती.

मॉस्को

विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध सेमिनारांत गणितज्ञ इस्राएल गेल्फांड (१९१३–२००९) यांच्या सेमिनारची गणना होते. तो १९४३ मध्ये मॉस्को येथे सुरू झाला आणि गेल्फांड यांनी देश सोडेपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार दशके, चालू राहिला. दर सोमवारी संध्याकाळी भरणाऱ्या या सेमिनारमध्ये शाळकरी विद्यार्थ्यांपासून ख्यातनाम प्राध्यापकांपर्यंत कोणालाही बसण्याची मुभा होती. गेल्फांड वक्त्याला वारंवार थांबवीत. श्रोत्यांपैकी एखाद्याला, पुष्कळदा तरुण विद्यार्थ्याला, आतापर्यंतचे विवेचन स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगण्यास ते सांगत. त्याला ते सांगता आले नाही तर वक्त्याने ते पुन्हा समजावून द्यावयाचे असे. एका बाजूने ही पद्धत कठोर व वक्त्याला अवघडून टाकणारी मानली जाई; दुसऱ्या बाजूने, न समजलेले समजल्यासारखे दाखवण्यास तीत जागा नव्हती.

कार्यपद्धती

पूर्वतयारी

निबंधाची निवड अध्यापक करतात किंवा त्यांच्या संमतीने विद्यार्थी करतो. निवडलेला निबंध सर्वांना काही दिवस आधी दिला जातो, कारण न वाचता आलेल्या श्रोत्यांसमोर सेमिनारचे व्याख्यान होते. सादरकर्त्याने निबंध किमान दोनदा वाचावा, असा सर्वसाधारण संकेत आहे: पहिल्या वाचनात लेखकाचे म्हणणे समजून घेण्यासाठी आणि दुसऱ्या वाचनात ते तपासण्यासाठी. तक्ते, आकृत्या व तळटीपा वगळून केलेले वाचन अपुरे समजले जाते. अनेकदा निबंधाच्या मुख्य मजकुरात ठामपणे केलेले विधान तळटीपेत मर्यादित केलेले आढळते.

सादरीकरण

सादरीकरणात प्रथम निबंधाचा प्रश्न, त्याआधीचे संशोधन, वापरलेली साधने व पद्धती, निष्कर्ष आणि त्यांचे महत्त्व हे मुद्दे क्रमाने येतात. या टप्प्यावर सादरकर्त्याने आपले मत बाजूला ठेवून लेखकाची बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडावी, अशी अपेक्षा असते. मूळ लेखक समोर असता तर ‘मला हेच म्हणावयाचे होते’ असे त्याने म्हटले असते काय, ही त्याची कसोटी मानतात. निबंधाचा सारांश व त्यावरील टीका एकमेकांत मिसळल्यास लेखकाचे म्हणणे कोणते आणि सादरकर्त्याचे कोणते हे श्रोत्यांना कळत नाही. स्वतःचा निबंध मांडणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या प्रतिपादनातील दुबळे दुवे स्वतःहून सांगणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण समजले जाते.

समीक्षा

पुष्कळ ठिकाणी एका विद्यार्थ्याची आधीच समीक्षक म्हणून नेमणूक केली जाते. तो सादरीकरणानंतर प्रथम बोलतो व नंतर चर्चा सर्वांसाठी खुली होते. समीक्षेत साधारणतः पुढील प्रश्न विचारले जातात:

• निबंधाने हाती घेतलेला प्रश्न नेमका कोणता आणि निष्कर्ष त्याच प्रश्नाचे उत्तर देतात काय?
• दिलेला पुरावा निष्कर्षाचे वजन पेलण्याइतका आहे काय?
• पुराव्याची निवड कशी केली? काही वगळले असल्यास त्याचे कारण दिले आहे काय?
• याच पुराव्याचे दुसरे स्पष्टीकरण संभवते काय?
• निष्कर्ष किती व्यापक क्षेत्राला लागू पडतात?
• दिलेल्या माहितीवरून अन्य अभ्यासक त्याच निष्कर्षाला पोहोचू शकेल काय?

विषयानुसार या प्रश्नांचे रूप बदलते. एखाद्या संतकवीच्या नावावरील अभंगाचा काळ ठरवणाऱ्या निबंधाबाबत हस्तलिखिताचे वय, त्याची परंपरा आणि छापील प्रतीत झालेले पाठबदल विचारात घ्यावे लागतात. औषधाच्या परिणामाविषयीच्या निबंधात रुग्णांची संख्या, तुलनेसाठी घेतलेला गट आणि उपचार अर्धवट सोडून गेलेल्यांची नोंद पाहावी लागते. केवळ दोष दाखवणे म्हणजे समीक्षा नव्हे. निबंधाने काय साधले, हे सांगणे आणि दाखवलेल्या दोषामुळे निष्कर्ष कोसळतो की फक्त त्याची व्याप्ती कमी होते याचा निवाडा करणे, हेही समीक्षकाचे काम असते.

चर्चेचे संचालन

चर्चा भरकटू न देणे, कमी बोलणाऱ्यांना संधी देणे आणि आक्षेप व्यक्तीवर न जाता विधानावर राहतील हे पाहणे, ही अध्यापकाची कामे होत. काही अध्यापक आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवतात, कारण त्यांनी आरंभीच निर्णय दिल्यास विद्यार्थी त्याविरुद्ध बोलण्यास कचरतात. चर्चेत निघालेले आक्षेप लिहून ठेवणे आणि पुढील बैठकीत त्यांपैकी अनुत्तरित राहिलेल्यांकडे परत वळणे, अशीही प्रथा आढळते.

उल्लेखनीय उदाहरण : राइनहार्ट–रोगॉफ निबंधाची पडताळणी

काही विद्यापीठांत प्रसिद्ध निबंधातील आकडेमोड मूळ माहितीवरून पुन्हा करून पाहण्याचा स्वाध्याय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दिला जातो. हार्वर्ड विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग यांनी या पद्धतीचा विशेष पुरस्कार केला. अशा स्वाध्यायातून जगभर चर्चिला गेलेला एक दोष २०१३ मध्ये उजेडात आला.

कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सार्वजनिक कर्ज व आर्थिक वाढ यांच्या संबंधावरील निबंध २०१० मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’च्या परिषद-निबंधांच्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यातील एका तक्त्यात २० प्रगत देशांची १९४६ ते २००९ या काळातील आकडेवारी होती. सरकारी कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असताना आर्थिक वाढीची सरासरी उणे ०.१ टक्का पडते, असे त्यातून दिसत होते. त्याहून कमी कर्जाच्या गटांत हीच सरासरी २.८ ते ४.१ टक्के होती. युरोप व अमेरिकेत सरकारी खर्चात कपात करावी असे म्हणणाऱ्यांनी या निष्कर्षाचा आधार घेतला. युरोपीय आयोगाचे ओली रेन व अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य पॉल रायन यांचा त्यांत समावेश होता.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील अर्थशास्त्र विभागात डॉक्टरेट करणारा टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अर्थमितीच्या वर्गातील स्वाध्यायासाठी हा निबंध निवडला. उपलब्ध आकडेवारीवरून त्याला तीच उत्तरे मिळेनात. आरंभी त्याच्या अध्यापकांनाही चूक विद्यार्थ्याचीच असावी असे वाटले. हर्नडनने मूळ लेखकांना पत्र लिहिले व त्यांनी आपला एक्सेलमधील तक्ता त्याला पाठवला. तो तपासल्यावर तीन गोष्टी दिसून आल्या.

पहिली म्हणजे, सरासरीच्या सूत्रात २० ऐवजी १५ देशांच्याच ओळी घेतल्या गेल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे देश सुटले होते. दुसरी, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व न्यूझीलंड या देशांची युद्धोत्तर काळातील काही वर्षे गणनेत नव्हती. तिसरी, प्रत्येक देशाला, त्याची अधिक कर्जाची वर्षे कितीही असोत, समान भार दिला होता. या दोन बाबींचा एकत्रित परिणाम न्यूझीलंडच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. त्या देशाची अधिक कर्जाची पाच वर्षे होती व त्यांतील वाढीची सरासरी २.६ टक्के येते. प्रत्यक्षात गणनेत १९५१ हे एकच वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचे, धरले गेले. आणि या एका वर्षाला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकेच वजन मिळाले.

हर्नडनने मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांसह आपली समीक्षा एप्रिल २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या गणनेनुसार ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असताना वाढीची सरासरी २.२ टक्के होती. राइनहार्ट व रोगॉफ यांनी सूत्रातील चूक मान्य करून शुद्धिपत्र काढले. मात्र वर्षे मुद्दाम वगळल्याचा आरोप त्यांनी नाकारला आणि समान भार देण्याच्या पद्धतीचे समर्थन केले. आपल्या मूळ निबंधातील मध्यक १.६ टक्के होता, तसेच नंतरच्या व्यापक अभ्यासातही अधिक कर्जाच्या काळात वाढ मंदावलेली दिसते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. समीक्षकांनीही कर्ज व वाढ यांचा काहीच संबंध नाही असे म्हटले नव्हते. ९० टक्क्यांच्या रेषेपलीकडे वाढ एकाएकी कोसळते, हे विधान आकडेवारीने सिद्ध होत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ही समीक्षा २०१४ मध्ये ‘केंब्रिज जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापली गेली.

या प्रकरणात एक्सेलमधील चुकीला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली; परंतु एकूण फरकात तिचा वाटा सुमारे ०.३ टक्का एवढाच होता. बाकीचा फरक कोणती वर्षे घ्यावीत व कोणाला किती वजन द्यावे या निर्णयांतून आला होता. चूक आणि विवाद्य निर्णय यांत भेद करणे सेमिनारमध्ये का शिकवावे लागते, हे यावरून स्पष्ट होते. मूळ लेखकांनी आपला तक्ता विद्यार्थ्याच्या हाती दिला नसता, तर यांपैकी काहीच उघड झाले नसते, हेही तितकेच खरे.

भारतीय वादपरंपरेशी तुलना

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मग त्याचे परीक्षण करण्याची रीत भारतीय शास्त्रपरंपरेत प्राचीन काळापासून आहे. मीमांसकांच्या अधिकरणात विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय असा क्रम येतो. न्यायसूत्रांनी चर्चेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाण व तर्क यांच्या आधारे केलेली चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे फक्त खंडन करणे म्हणजे वितंडा. सेमिनारमधून अपेक्षित असते ती चर्चा यांपैकी वादाच्या प्रकारात मोडते. दोन्ही परंपरांत एक महत्त्वाचा भेदही आहे. शास्त्रार्थात शब्दप्रमाणाला, म्हणजे आप्तवचनाला, स्थान आहे. सेमिनारमध्ये लेखकाच्या अधिकारावरून विधान स्वीकारले जात नाही.

महाराष्ट्र

गॉटिंगेन व पुणे यांचा विद्याविषयक संबंध एकोणिसाव्या शतकापासून आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ या काळात संस्कृतचे अध्यापन करणारे फ्रान्त्स कीलहॉर्न पुढे गॉटिंगेन येथे प्राध्यापक झाले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना गॉटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. पतंजलीच्या काळाविषयी भांडारकरांनी जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांच्याशी ‘इंडियन अँटिक्वरी’मधून केलेला वाद हा पुराव्यावर आधारलेल्या विद्वच्चर्चेचा नमुना आहे.

बर्लिन येथे हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकलेले विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत प्रकल्पाचे प्रमुख संपादकत्व स्वीकारले. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या या आवृत्तीत स्वीकारलेल्या पाठाखाली इतर हस्तलिखितांतील पाठभेद दिलेले आहेत. संपादकाचा निर्णय मान्य नसलेल्या वाचकाला त्यामुळे तो स्वतः तपासून पाहता येतो.

सध्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी आपले संशोधन विभागातील अध्यापक व संशोधक विद्यार्थी यांच्यासमोर खुल्या बैठकीत मांडावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयांत एम.डी. व एम.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी सेमिनार व जर्नल क्लब हे प्रशिक्षणाचे नियमित भाग आहेत.

मर्यादा व आक्षेप

सेमिनारचे यश गटातील मोकळेपणावर अवलंबून असते. मांडलेला निबंध विभागप्रमुखांचा किंवा मार्गदर्शकांचा असल्यास विद्यार्थी आक्षेप घेण्यास धजावत नाहीत आणि चर्चा आभारप्रदर्शनात संपते. याउलट, कठोर टीकेलाच विद्वत्ता समजले गेल्यास नवखे विद्यार्थी बोलणेच सोडून देतात. सादरीकरण पडद्यावरील मजकूर वाचून दाखवण्यापुरते उरणे, निबंध न वाचता चर्चेत भाग घेणे आणि गुणांसाठी उपचार म्हणून प्रश्न विचारणे, या दोषांचाही उल्लेख केला जातो. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतून मांडणी करताना अडचण येते आणि भाषेतील अडखळणे हे विचारातील अडखळणे समजले जाण्याचा धोका असतो. काही अध्यापक म्हणूनच मांडणी इंग्रजीत व चर्चा मराठीत अशी मुभा देतात.

दुसरी मर्यादा पद्धतीतच आहे. वर्गात निबंधाची सुसंगती तपासता येते. मूळ माहिती खोटी असल्यास ती केवळ चर्चेतून कळत नाही. त्यासाठी मूळ साधने, मोजमापे व आकडेवारी खुली असावी लागते. हर्नडनसारख्या विद्यार्थ्याला प्रस्थापित संशोधकांच्या निष्कर्षातील चूक दाखवता आली, त्यामागे मूळ साधनापर्यंत पोहोचण्याची ही मुभा आणि विद्यार्थ्याचा आक्षेप तपासून पाहण्याची अध्यापकांची तयारी या दोन्ही गोष्टी होत्या.